गणपतराव काशीनाथ म्हात्रे

रावबहादूर गणपतराव काशीनाथ म्हात्रे (जन्म : पुणे, १० मार्च १८७९, मृत्यू : ३० एप्रिल १९४७) हे आधुनिक भारतीय शिल्पकलेच्या आरंभकाळातील अग्रगण्य मराठी शिल्पकार होत. मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत शिकत असताना १८९६ मध्ये त्यांनी घडविलेले ‘मंदिरपथगामिनी’ हे शिल्प देशात आणि इंग्लंडमध्ये गाजले. नऊवारी नेसलेल्या, पूजेला निघालेल्या मराठी तरुणीची ही पूर्णाकृती प्राचीन ग्रीक मूर्तींच्या घाटात घडलेली आहे. म्हात्रे यांना मिळालेली कीर्ती आणि पुढे त्यांच्या वाट्याला आलेली उपेक्षा या दोहोंचे मूळ ह्या एकाच गोष्टीत सापडते.

मुंबईत आलेली ग्रीक रीत

अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात इटलीत हर्क्युलेनियम आणि पाँपेई ही गाडली गेलेली रोमन नगरे उकरून काढण्यास आरंभ झाला. जमिनीखालून आलेल्या मूर्ती, भांडी आणि भित्तिचित्रे पाहून युरोपातील अभिरुची पालटली. जर्मन विद्वान व्हिंकेलमान याने ग्रीक मूर्तिकलेला सौंदर्याचा परमोच्च आदर्श ठरविले. इटलीतील कानोव्हा, डेन्मार्कचा थोरवाल्डसेन आणि इंग्लंडमधील फ्लॅक्समन यांनी त्या आदर्शाबरहुकूम नव्या मूर्ती घडविल्या. ही नवअभिजात रीत केवळ मूर्तींपुरती राहिली नाही. खुर्च्यांचे सरळ, पन्हळी पाय, टेबलांवरील कलशांची व पुष्पमालांची नक्षी, घरांच्या दर्शनी बाजूचे स्तंभ या सर्वांत ती उतरली.

कंपनी सरकारच्या काळात ही रीत जहाजांतून मुंबईस आली. १८३३ मध्ये पूर्ण झालेला टाउन हॉल ग्रीक डोरिक स्तंभांवर उभा आहे आणि त्याच्या दालनांत चँट्रीने घडविलेले एल्फिन्स्टन व माल्कम यांचे संगमरवरी पुतळे आहेत. सेंट थॉमस चर्चमधील गव्हर्नर डंकनचे स्मारक आणि लॉर्ड कॉर्नवॉलिसचा पुतळा ही याच परंपरेतील कामे. पुढे शहरातील मोठ्या इमारती गॉथिक धाटणीच्या होऊ लागल्या, तरी थोर पुरुषाचा पुतळा म्हणजे पांढऱ्या संगमरवरातील, अंगावर वस्त्राच्या भरघोस चुण्या असलेली शांत आकृती, ही कल्पना कायम राहिली. असे पुतळे घडवून घेण्यासाठी वर्गणी मुंबईत जमे आणि काम लंडनला जाई. सर जमशेटजी जिजीभाई यांचा पुतळा मारोकेत्तीने केला. बडोद्याच्या खंडेराव महाराजांनी मुंबईस दिलेला, १८७२ मध्ये उभारलेला राणी व्हिक्टोरियाचा पुतळा मॅथ्यू नोबल याने. हिंदी माणसाने असे काम करावे, ही शक्यता कोणी गंभीरपणे विचारात घेतली नव्हती.

दोन प्रकारचे ठसे

म्हात्रे ज्या कलाशाळेत दाखल झाले ती १८५७ मध्ये सर जमशेटजींच्या देणगीतून सुरू झाली होती. तिचा मूळ हेतू कारागिरांना रेखाटनाचे व अलंकरणाचे शिक्षण देण्याचा होता. १८६५ पासून दहा वर्षे तेथे असलेले जॉन लॉकवुड किपलिंग हे वास्तूंवरील शिल्पकाम शिकवीत. त्यांच्या हाताखाली क्रॉफर्ड मार्केटवरील उत्थित शिल्पे झाली. नंतर जॉन ग्रिफिथ्स यांच्या काळात शाळेच्या विद्यार्थ्यांनी व्हिक्टोरिया टर्मिनसच्या शोभाकामात भाग घेतला. म्हणजे मातीकाम आणि दगडकाम शाळेत होते, पण ते इमारतीच्या सजावटीपुरते. स्वतंत्र मूर्ती घडविणारा शिल्पकार तयार करणे हे तेव्हाच्या अभ्यासक्रमाचे उद्दिष्ट नव्हते.

शाळेचे शिक्षण लंडनच्या साउथ केन्सिंग्टन पद्धतीवर बेतलेले होते. विद्यार्थी प्रथम सपाट नमुन्यांवरून रेखाटी, मग घन आकारांवरून, आणि त्यानंतर ग्रीक व रोमन मूर्तींच्या प्लास्टरच्या प्रतिकृतींवरून. ह्या शेवटच्या वर्गाला ‘अँटिक’ म्हणत. अपोलो आणि व्हीनस यांच्या पांढऱ्या ठशांपुढे बसून छायाप्रकाश उतरवण्यात महिनेच्या महिने जात. मानवी शरीराची प्रमाणे, स्नायूंचे चढउतार, एका पायावर भार दिल्यावर कंबर आणि खांदा कसे विरुद्ध दिशांना कलतात, हे सारे विद्यार्थ्यांना जिवंत माणसाच्या आधी ह्या ठशांतून उमगे.

याच शाळेचा दुसऱ्या प्रकारच्या ठशांशीही संबंध होता. १८६८ मध्ये मुंबई सरकारच्या आज्ञेने शाळेची एक तुकडी कल्याणजवळच्या अंबरनाथ येथील शिवमंदिरात गेली होती. शिलाहारांच्या काळातील ह्या मंदिरातील शिलालेख शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० चा आहे. त्याच्या बाह्य भिंतींवर देवदेवता, सुरसुंदरी आणि वेलबुट्टी यांची अशी दाटी आहे की दगडाचा सपाट भाग शोधावा लागतो. तुकडीने मंदिराची मोजमापे घेतली, रेखाटने केली आणि शिल्पांवरून साचे काढले. पुढे १८७२ पासून ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करू लागले. तेव्हा भारतीय कला शाळेला अपरिचित होती, असे म्हणता येत नाही. फरक होता तो दोहोंच्या स्थानात. अंबरनाथचे साचे पुराणवस्तूंची नोंद आणि अलंकरणाचे नमुने म्हणून काढले गेले. ललित कलेचा मानदंड म्हणून वर्गात मांडले गेले ते ग्रीक ठसे. अंबरनाथच्या सुरसुंदरीही एका पायावर भार देऊन, कमरेत मुरडून उभ्या आहेत. पण हा संबंध त्या काळात कोणी जोडून दाखविला नाही.

मंदिरपथगामिनी

१८९६ साल मुंबईसाठी अनेक अर्थांनी खळबळीचे होते. त्या वर्षी शहरात गाठीचा ताप पसरला. त्याच वर्षी दामोदर चापेकर यांनी नोबलने घडविलेल्या राणीच्या पुतळ्याला डांबर फासले. संगमरवरात मुरलेले ते डाग काढण्यासाठी पुढे रसायनशास्त्रज्ञ त्रिभुवनदास गज्जर यांना पाचारण करावे लागले. परदेशी शिल्पकाराची एक संगमरवरी राणी अशी चर्चेत असताना, सतरा वर्षांच्या एका विद्यार्थ्याने केलेली मराठी स्त्रीची प्लास्टरमधील मूर्ती बाँबे आर्ट सोसायटीच्या प्रदर्शनात मांडली गेली आणि तिला रौप्यपदक मिळाले.

‘मंदिरपथगामिनी’ ही एका तरुण स्त्रीची उभी पूर्णाकृती आहे. तिच्या हाती पूजेचे साहित्य आहे आणि देवळाच्या वाटेवर ती क्षणभर थबकल्यासारखी वाटते. शरीराचा भार एका पायावर असून दुसरा गुडघा किंचित वाकलेला आहे. चेहऱ्यावर विशेष भाव नाही. नजर शांत आणि स्वतःत मग्न आहे. ही संयत मुद्रा, भाराची ही वाटणी आणि आकृतीची एकूण स्थिरता थेट ‘अँटिक’ वर्गातून आलेली आहे.

खरी किमया वस्त्रात आहे. ग्रीक शिल्पकार झिरझिरीत वस्त्र अंगाला चिकटलेले दाखवीत. त्यामुळे शरीराचा घाट झाकला जाई आणि प्रकटही होई. युरोपातील नवअभिजात शिल्पकारांना हे साधण्यासाठी आपल्या समकालीन माणसांना खोटी प्राचीन वस्त्रे नेसवावी लागत. इंग्लिश गव्हर्नरांच्या खांद्यावर रोमन झगे आले ते त्यामुळेच. म्हात्रे यांना अशा वेषांतराची गरज पडली नाही. नऊवारी लुगडे हे न शिवलेले, अंगाभोवती गुंडाळलेले वस्त्र. त्याच्या निऱ्या उभ्या रेषांत खाली उतरतात, कासोट्यामुळे पायांचा आकार स्पष्ट राहतो आणि पदर छातीवरून तिरपा जाऊन रेषेला वळण देतो. ग्रीक मूर्तीने वस्त्राकडून जे जे अपेक्षिले होते ते सर्व मुंबईच्या कोणत्याही देवळाच्या वाटेवर दिवसाढवळ्या दिसत होते. हे एका विद्यार्थ्याच्या नजरेने हेरले, यात या शिल्पाचे मोठेपण आहे. नऊवारीतील स्त्री ही रविवर्म्यांच्या चित्रांतून तोवर लोकांच्या ओळखीची झाली होती, परंतु चित्रातील रंग, दागिने आणि कथाप्रसंग यांचा कोणताही आधार येथे नव्हता. एकाच पांढऱ्या द्रव्यातून सारे साधायचे होते.

मूर्तीला दोषही आहेत. बारकावे क्वचित इतके काटेकोर आहेत की ती एकाग्रतेपेक्षा अभ्यासाची साक्ष देते, आणि मागच्या बाजूपेक्षा समोरून ती अधिक बोलकी आहे. सतराव्या वर्षीच्या कामात हे अनपेक्षित नव्हे.

बर्डवुड यांची स्तुती

शिल्पाची छायाचित्रे इंग्लंडमध्ये पोचली आणि सर जॉर्ज बर्डवुड यांनी त्याचा मुक्तकंठाने गौरव केला. ह्या गौरवाचे वजन समजण्यासाठी बर्डवुड कोण होते हे पाहावे लागते. त्यांचा जन्म १८३२ मध्ये बेळगावचा. मुंबईत वैद्यकीय सेवेत आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांनी वर्षे काढली. मुंबईच्या वस्तुसंग्रहालयाच्या उभारणीत डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासह त्यांचा वाटा होता. हिंदी कारागिरीचे ते इंग्लंडमधील सर्वांत वजनदार चाहते मानले जात. पण १८८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय कारागिरीवरील आपल्या ग्रंथात, शिल्प आणि चित्र या ललित कला म्हणून भारतात अस्तित्वातच नाहीत असा निर्वाळा त्यांनी दिला होता. कोष्टी, तांबट, कुंभार यांच्या कामाला त्यांच्या लेखी तोड नव्हती; देवतांच्या मूर्ती मात्र त्यांना विद्रूप वाटत.

अशा माणसाला म्हात्रे यांच्या शिल्पात ग्रीक आदर्शाचे दर्शन घडले. एका अर्थी त्यांनी आपलेच मत मोडीत काढले : हिंदी माणसाला ललित शिल्प साधते, हे त्यांनी मान्य केले. दुसऱ्या अर्थी ते मत आणखी पक्के झाले, कारण ज्या मापाने हे शिल्प उत्तीर्ण ठरले ते माप अथेन्सचेच होते. पुढे १९१० मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटी ऑफ आर्ट्‌समध्ये याच बर्डवुड यांनी जावा येथील ध्यानस्थ बुद्धमूर्तीची अशी हेटाळणी केली की तिच्या निषेधातून भारतीय कलेच्या पुरस्कर्त्यांनी इंडिया सोसायटी स्थापन केली. दोन्ही निवाड्यांमागे एकच दृष्टी होती. म्हात्रे यांना तिची कृपा लाभली, जावाच्या अनामिक शिल्पकाराला तिचा तडाखा बसला.

हिंदी वाचकांनी ही कीर्ती आपल्या पद्धतीने स्वीकारली. राजकीय हक्कांसाठी पात्रता सिद्ध करण्याचा तो काळ होता. क्रिकेट, विज्ञान, आय.सी.एस.ची परीक्षा, अशा प्रत्येक क्षेत्रात कोणी हिंदी माणूस इंग्रजांच्या कसोटीला उतरला की त्याचे नाव देशभर होई. बंगालमध्ये रवींद्रनाथ ठाकूर यांनी १८९८ मध्ये या शिल्पावर बंगालीत लेख लिहिला. मुंबईच्या एका तरुणाचे काम कोलकात्याच्या वाचकाला आपले वाटावे, हा त्या लेखाचा परिणाम होता. रामानंद चटर्जी यांच्या नियतकालिकांनी रविवर्मा आणि म्हात्रे यांच्या कलाकृतींची चित्रे छापून त्यांना राष्ट्रीय कलावंतांचे स्थान दिले. प्रत्यक्ष शिल्प मुंबईच्या कलाशाळेत होते. बहुसंख्य चाहत्यांनी ते पाहिले ते छापील छायाचित्रांतूनच.

पुढील काळातील शिल्पे

यानंतर म्हात्रे यांनी पौराणिक विषयांवर काही शिल्पे केली. त्यांपैकी ‘सरस्वती’ आणि शबरीच्या वेषातील पार्वती ही विशेष प्रसिद्ध आहेत. ‘सरस्वती’मध्ये त्यांना एक अडचण सोडवावी लागली, जी ‘मंदिरपथगामिनी’त आली नव्हती. देवतेला चार हात हवेत, आणि ग्रीक प्रमाणांवर पोसलेल्या शरीरशास्त्राला चार हात मानवत नाहीत. अंबरनाथ किंवा घारापुरीच्या शिल्पकाराला हा प्रश्नच पडला नव्हता, कारण तेथे मूर्तीचे शरीर हे स्नायूंच्या हिशेबाने घडत नाही. वास्तवदर्शी देवमूर्ती घडविणाऱ्या पुढच्या सर्व भारतीय शिल्पकारांना हा पेच पडलेला दिसतो. पार्वतीला भिल्लिणीच्या, म्हणजे मानवी रूपात दाखविणे हा त्यातून निघण्याचा एक सुज्ञ मार्ग होता. शिवाच्या कथेतील ही पार्वती देवी असूनही रानातील स्त्री म्हणून वावरते, त्यामुळे आदर्श सौंदर्य आणि लौकिक वेष यांचा मेळ येथे आपोआप बसतो.

म्हात्रे यांचे उत्तरायुष्य मात्र मुख्यतः व्यक्तिपुतळ्यांत गेले. संस्थानिक, नगरपालिका आणि स्मारक समित्या यांच्याकडून त्यांना कामे येऊ लागली. अहमदाबादसाठी त्यांनी राणी व्हिक्टोरियाचा संगमरवरी पुतळा घडविला. ज्या राणीचे पुतळे लंडनहून आणण्याचा प्रघात होता तिचा पुतळा एका मराठी शिल्पकाराने करावा, ही त्या काळी मोठीच गोष्ट होती. म्हैसूर येथील चामराजेंद्र वडियार यांचा पुतळा आणि मुंबईतील न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचा पुतळा ही त्यांची आणखी दोन महत्त्वाची कामे. सरकारने त्यांना रावबहादूर हा किताब दिला.

असा पुतळा म्हणजे एकट्याच्या हाताचे काम नसते. आधी लोखंडी सळ्या आणि तारा यांचा सांगाडा उभारून त्यावर ओल्या मातीत आकृती घडवितात. माती सुकून तडकू नये म्हणून ती ओल्या फडक्यांनी झाकून ठेवावी लागते. मातीवरून प्लास्टरचा साचा घेतला की मूळ माती मोडते, आणि त्या साच्यातून निघालेली प्लास्टरची प्रत हाच पुढील कामाचा आधार ठरतो. संगमरवरात काम करायचे असेल तर प्लास्टरवरील शेकडो बिंदूंची खोली मोजयंत्राने दगडावर नेऊन पाथरवट तो दगड टप्प्याटप्प्याने उतरवतात आणि अखेरचा हात शिल्पकार फिरवतो. धातूत काम करायचे तर ओतशाळा गाठावी लागते. मुंबईत या सर्व शाखांचे जाणते कारागीर एकत्र आणणारी कार्यशाळा चालविणे हे म्हात्रे यांचे कलाकृतींइतकेच महत्त्वाचे कार्य होय. त्यांच्यामुळे पुतळा हा देशात होणारा धंदा झाला. वर्गणीची रक्कम आणि काम, दोन्ही येथेच राहू लागले.

व्यक्तिपुतळ्यांत नवअभिजात रीत कितपत टिकते, हा निराळा प्रश्न आहे. रानडे यांच्यासारख्या पुरुषाला पागोटे, अंगरखा आणि उपरणे यांसह दाखवावे लागते. चेहरा ओळखू आला नाही तर समिती पुतळा स्वीकारीत नाही. आदर्श आणि साम्य यांच्या ओढाताणीत साम्याचा विजय होतो. म्हात्रे यांच्या पुतळ्यांत उपरण्याच्या आणि शालीच्या चुण्यांवर अजून ‘मंदिरपथगामिनी’च्या हाताची खूण दिसते, परंतु त्या शिल्पातील मोकळेपणा पुन्हा क्वचितच आढळतो. मागणीचा रेटा हे त्याचे एक कारण होते. आपल्या इच्छेने विषय निवडून पूर्णाकृती शिल्प करावे, तर ते विकत घेणारा वर्ग मुंबईत फारसा नव्हता.

बदललेली अभिरुची

ज्या १८९६ मध्ये ‘मंदिरपथगामिनी’ घडली, त्याच वर्षी ई. बी. हॅवेल हे कोलकात्याच्या कलाशाळेचे प्रमुख झाले. युरोपीय नमुन्यांची नक्कल हे हिंदी विद्यार्थ्याचे शिक्षण असूच शकत नाही, या मताचे ते होते. तेथील शिक्षणात त्यांनी मुघल चित्रे आणि भारतीय मूर्ती यांना अग्रस्थान दिले. अवनींद्रनाथ ठाकूर त्यांच्या सहवासात आले आणि बंगाल शैलीचा उदय झाला. हॅवेल यांचे भारतीय शिल्प व चित्र यांवरील पुस्तक १९०८ मध्ये निघाले. आनंद कुमारस्वामी यांनी याच भूमिकेला तत्त्वज्ञानाचा पाया दिला. स्वदेशीच्या चळवळीत ही भूमिका लोकांना पटणे स्वाभाविक होते. भारतीय मूर्तीचे सौंदर्य स्नायूंच्या अचूकपणात शोधू नये, ती ध्यानातून घडते, असे एकदा मानले की ग्रीक मापाने मिळालेले प्रशस्तिपत्र हे भूषण न राहता कमीपणाचे चिन्ह ठरते.

म्हात्रे यांच्या कीर्तीला याचा फटका बसला. ज्या ठाकूर घराण्यातून त्यांच्या शिल्पाचा गौरव झाला होता, त्याच घराण्यातून आलेल्या नव्या कलादृष्टीत त्यांना जागा उरली नाही. रविवर्मा यांच्या बाबतीत हेच घडले, पण त्यांच्या मुद्रित चित्रांनी घराघरांत प्रवेश केलेला असल्याने टीकाकारांच्या मताने त्यांची लोकप्रियता हटली नाही. शिल्पाची अशी स्वस्त आवृत्ती निघत नाही. विसाव्या शतकातील भारतीय कलेच्या इतिहासांत म्हात्रे यांचा उल्लेख बराच काळ एखाद्या ओळीत, तोही पाश्चात्त्य अनुकरणाचे उदाहरण म्हणून येत राहिला. वसाहतकालीन कलेचा नव्याने अभ्यास होऊ लागल्यावर, विशेषतः पार्थ मित्तर यांच्या १९९४ मधील ग्रंथानंतर, ह्या शिल्पाची व त्याभोवतीच्या वादाची पुन्हा दखल घेतली गेली.

अनुकरणाचा आरोप तपासून पाहिला तर तो अर्धाच खरा ठरतो. घाट ग्रीक आहे, यात शंका नाही. म्हात्रे यांनीही तो लपविलेला नाही. पण नवअभिजात रीत ही मुळातच उसनी होती. कानोव्हा आणि चँट्री यांनाही ती अथेन्स आणि रोमच्या अवशेषांतून घ्यावी लागली होती, आणि चँट्रीची लंडन ही काही पेरिक्लिसची नगरी नव्हती. मुंबईच्या विद्यार्थ्याने त्याच ठशांतून शिकून आपल्या घरातील बायका जे नेसत त्यात तो घाट बसवला. बंगाल शैलीच्या समर्थकांनी म्हात्रे यांच्याकडे भारतीय परंपरेची मागणी केली, तेव्हा त्यांना शिकविणाऱ्या शाळेने ती परंपरा कोणत्या कपाटात ठेवली होती, हा प्रश्न मात्र फारसा विचारला गेला नाही.

मृत्यू आणि परंपरा

म्हात्रे यांचे ३० एप्रिल १९४७ रोजी निधन झाले. साडेतीन महिन्यांनी देश स्वतंत्र झाला आणि सार्वजनिक पुतळ्यांचे विषय बदलले. राण्या, गव्हर्नर आणि व्हाइसरॉय चौथऱ्यांवरून उतरू लागले. मुंबईतील असे अनेक पुतळे १९६५ मध्ये हलविण्यात आले आणि त्यांपैकी काही भायखळ्याला भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात ठेवले गेले. रानडे यांचा पुतळा आपल्या जागी राहिला.

म्हात्रे यांनी रुळविलेली वास्तवदर्शी रीत मात्र महाराष्ट्रात खंडित झाली नाही. अलिबागजवळच्या सासवणे गावचे विनायक पांडुरंग करमरकर यांनी पुण्यातील शिवाजी महाराजांचा १९२८ चा अश्वारूढ पुतळा घडविला. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील वसईचे रघुनाथ कृष्ण फडके यांनी गिरगाव चौपाटीवरील लोकमान्य टिळकांचा पुतळा केला. रीतसर कलाशिक्षण न घेतलेल्या फडके यांच्यासारख्यांनाही ‘मंदिरपथगामिनी’ने वाट दाखविली. बाळाजी वसंत तालीम यांनी संगमरवरात घडविलेली साईबाबांची बैठी मूर्ती १९५४ मध्ये शिर्डीच्या समाधिमंदिरात बसविण्यात आली. कलाशाळेतल्या ‘अँटिक’ वर्गातून निघालेली रीत अशा प्रकारे गाभाऱ्यापर्यंत जाऊन पूजेची झाली. भाविकांना तीत काही परकीय आहे असे वाटत नाही.

कल्याणचे सदाशिव उर्फ भाऊ साठे (१९२६–२०२१) हे याच कलाशाळेचे विद्यार्थी. गेटवे ऑफ इंडियासमोरील शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा त्यांचा असून त्याचे अनावरण २६ जानेवारी १९६१ रोजी झाले. साठे यांच्या शिल्पांचे ‘शिल्पालय’ हे संग्रहालय डोंबिवलीत आहे. व्यक्तिपुतळा कसा उभा राहतो हे ठाणे जिल्ह्यातील विद्यार्थ्यांना तेथे जवळून पाहता येते, आणि तेथून काही स्थानकांवर अंबरनाथचे मंदिर आहे, जेथून १८६८ मध्ये साचे नेले गेले होते. म्हात्रे यांची ‘मंदिरपथगामिनी’ सर जे. जे. कलाशाळेच्या संग्रहात, ज्या प्लास्टरमध्ये ती मुळात घडली त्याच रूपात आहे.